निन्जा गायडेनमधला तो ससाणा: माझे वय झाले की त्याचा वेग वाढला?

कडेलोट

१९९६ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कराडला मामांच्या घरी आम्ही चार भावंडांनी व्हिडिओ गेमची एकच कॅसेट महिनाभर खेळली. कॅसेट पिवळी होती, तिच्यावरचे चित्र अर्धे सोललेले होते आणि नाव जपानी लिपीत असल्यामुळे आम्ही तिला नुसतेच ‘निन्जावाली’ म्हणत असू. तो खेळ म्हणजे टेक्मो या जपानी कंपनीचा ‘निन्जा र्‍युकेन्देन’, आणि त्यालाच अमेरिकेत ‘निन्जा गायडेन’ म्हणतात, हे मला इंटरनेट आल्यानंतर कळले.

या खेळात तलवारवाले, चाकूफेके, अंगावर धावून येणारी जनावरे असे सर्व प्रकारचे शत्रू आहेत. त्या सर्वांची नावे विसरलो तरी एक शत्रू मला अजूनही स्वप्नात येतो, आणि तो म्हणजे तपकिरी रंगाचा एक पक्षी. त्याला आम्ही ससाणा म्हणत असू. तो एका फटक्यात मरतो, त्याच्याकडे शस्त्र नाही, त्याला कथेत स्थान नाही, बॉस म्हणून, म्हणजे अंकाच्या शेवटी येणारा मोठा शत्रू म्हणून, तर त्याचा विचारही कोणी करणार नाही. तरीही समोर दरी आणि पलीकडे बोटभर रुंदीचा ओटा दिसला, की पडद्याच्या कडेतून तो हमखास येतो, आपण हवेत असताना छातीवर आदळतो आणि आपल्याला मागे दरीत ढकलून देतो. माझे येथील सदस्यनाम त्याचीच देणगी आहे.

आता प्रश्न. मला स्पष्ट आठवते, की त्या सुट्टीच्या अखेरीस मी सहाव्या अंकातला दुसरा टप्पा, म्हणजे कुप्रसिद्ध ६-२, पक्ष्यांसकट पार करू लागलो होतो. गेल्या महिन्यात हाच खेळ संगणकावर इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, लावला. पहिले दोन अंक ठीक गेले. पुढे पक्षी आले आणि मला काही सुचेनासे झाले. तलवार उपसेपर्यंत तो येऊन धडकलेला असतो. त्रेचाळिसाव्या वर्षी बोटे मंदावली असतील हे मी मान्य करतो, परंतु मला पक्षीच पूर्वीपेक्षा वेगवान वाटतो. किंबहुना संगीतसुद्धा घाईत वाजते आहे असे वाटले. हा स्मृतीचा खेळ समजावा, की आणखी कोणाला असा अनुभव आला आहे?

उपरोधिक उपमा

पक्षीच वेगवान झाला आहे. माझ्या घरचा जिनाही गेल्या दहा वर्षांत असाच उंच झाला.

आळशी बॉस

धागाकर्त्यांशी मी सहमत आहे, मात्र तक्रार वेगाची नसून अन्यायाची असावी. खेळातला शत्रू कठीण असायला माझी हरकत नाही. परंतु ज्या शत्रूचा एक धक्का मृत्यूच ठरतो, त्याची सूचना खेळाडूला मिळायला हवी. निन्जाला सोळा खणांची शक्तिपट्टी दिलेली आहे. ती पूर्ण भरलेली असतानाही पक्षी त्याला दरीत ढकलतो आणि जीव जातो. मग ती पट्टी शोभेची आहे काय? माझ्या मते हा आळशी रचनेचा नमुना आहे. (माझे सदस्यनाम पाहून हसू नये.)

फ्रेमगणिती

आळशी बॉस यांच्या आक्षेपाला थोडे सविस्तर उत्तर देतो, कारण हा पक्षी दिसतो त्यापेक्षा विचारपूर्वक बसवलेला आहे. त्याचे सामर्थ्य त्याच्या अंगात नाही. ते खेळाच्या तीन नियमांत आहे आणि पक्षी त्या तिन्ही नियमांचा एकाच वेळी फायदा घेतो.

पहिला नियम धक्क्याचा. मार लागल्यावर आपला निन्जा र्‍यू हायाबुसा ठरावीक कमान घेऊन मागे उडतो आणि तेवढ्या काळात त्याच्यावर आपला ताबा राहत नाही. मोकळ्या जमिनीवर हे चालून जाते. ओट्याच्या काठावर मात्र तीच कमान थेट दरीत संपते. जमिनीवरचा शत्रू दरीच्या मध्यभागी उभा राहू शकत नाही, पक्षी तेथे सहज येऊ शकतो. म्हणजे उडी मारल्यानंतरचा जो काळ आपल्याला सुरक्षित वाटतो, नेमका तोच त्याचा मुलूख आहे.

दुसरा नियम पुनर्जन्माचा. हा खेळ ज्याच्यासाठी लिहिला त्या मूळ फॅमिकॉम या जपानी खेळयंत्रात कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट होती. कोणता शत्रू मेला आणि कोणता जिवंत आहे याची संपूर्ण टप्पाभर नोंद ठेवण्याची चैन त्या काळी फारशी कोणी करत नसे. या खेळात शत्रूची जागा नकाशावर ठरलेली असते आणि ती जागा पडद्याच्या कडेवर आली की शत्रू जन्मतो. आपण पक्षी मारला आणि घाबरून पाऊलभर मागे सरकून पुन्हा पुढे आलो, तर ती जागा पुन्हा कडेवर येते आणि दुसरा पक्षी हजर होतो. त्या जागी घुटमळणाऱ्या माणसाला खेळ अक्षरशः अखंड पक्षीपुरवठा करतो.

तिसरा नियम पाठलागाचा. सैनिक एका दिशेने चालत राहतात. पक्षी आपल्या रोखाने येतो, चुकला तर पुढे निघून जातो, वळतो आणि पुन्हा येतो. त्यामुळे त्याला टाळले म्हणजे तो संपला असे होत नाही.

या तिन्हींतून पळवाटही निघते. पक्षी पडद्याबाहेर गेला की तोही नाहीसा होतो. त्यामुळे जो खेळाडू मागे न हटता पुढे जात राहतो, त्याला पक्षी कमी भेटतात. सूचना मिळत नाही हा आक्षेप पहिल्या मृत्यूपुरता खरा आहे. दुसऱ्या वेळी पक्षी कोठून येणार हे माहीत असते, कारण तो नेहमी तेथूनच येतो.

आळशी बॉस

‘पहिल्या मृत्यूपुरता’ हे फार छान आहे. दरवाजाच्या चौकटीवर डोके आपटल्यावर चौकट कोठे आहे हे कळते, म्हणून सुताराचे कौतुक करायचे काय?

फ्रेमगणिती

सुताराने चौकट मुद्दाम तेथे बसवली असेल आणि आपण पैसे देऊन वाकायला शिकायलाच गेलो असू, तर करावे लागेल.

तांबट

खेळाचे मला फारसे ज्ञान नाही. धाकट्या भावाच्या मागे बसून पाहिले आहे तेवढेच. पक्ष्यांचे मात्र थोडेफार कळते, म्हणून लिहिते.

धागाकर्त्यांनी ‘ससाणा’ म्हटले आहे त्यात एक गंमत दडलेली आहे. निन्जाचे आडनाव हायाबुसा, आणि जपानी भाषेत हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. ‘र्‍यू’ म्हणजे ड्रॅगन. म्हणजे नायकच मुळात ससाणा आहे आणि त्याला दरीत लोटणारा त्याचाच कोणी भाऊबंद. भाऊबंदकीचे इतके थेट चित्रण मी अन्य कोठे पाहिलेले नाही.

मात्र चित्रे पाहून हा पक्षी मला ससाणा वाटत नाही. रुंद पंख, जड अंग, तपकिरी रंग पाहता तो गरुडाच्या किंवा घारीच्या घराण्यातला असावा. त्याचे वागणे तर यांपैकी कोणाचेच नाही. बहिरी ससाणा उंचावरून पंख मिटून सूर मारतो, तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. तो एकच घाव घालतो. नेम चुकला तर तो सहसा शिकार सोडून देतो आणि पुन्हा उंची गाठतो. एकाच माणसाभोवती भुणभुणत राहणे हा त्याचा स्वभाव नव्हे. घार मासळी बाजारात माणसाच्या हातातली वस्तू झपकन उचलते, पण तिला माणसात रस नसतो, तिला वस्तूत रस असतो.

श्री. फ्रेमगणिती यांनी सांगितलेले वागणे, म्हणजे येणे, हूल देणे, पुढे जाऊन वळणे आणि हद्द ओलांडेपर्यंत पिच्छा न सोडणे, हे हुबेहूब कोतवालाचे आहे. विणीच्या दिवसांत घरट्याजवळ आलेल्या घारीला किंवा कावळ्याला एवढासा कोतवाल कसा हुसकावतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे लगेच पटेल. आणि घार त्या झाडापासून दूर गेली की कोतवाल परत फिरतो. तुमच्या भाषेत ‘पडद्याबाहेर गेला की नाहीसा होतो’. खेळ रचणाऱ्यांनी शरीर गरुडाचे घेतले आणि जीव कोतवालाचा घातला, असे माझे मत आहे.

उपरोधिक उपमा

म्हणजे आपला निन्जा इतकी वर्षे कोणाच्या तरी घरट्यावरून उड्या मारत होता. चूक कोणाची आहे याचा फेरविचार व्हावा.

कडेलोट

तांबटताई, आपला प्रतिसाद अतिशय आवडला. कोतवालाची उपमा वाचून ६-२ पुन्हा खेळलो आणि मरताना पहिल्यांदाच राग आला नाही. मेलो मात्र तेवढ्याच वेळा.

सातारी सुपारी

या धाग्यात इतर खेळांतले पक्षीही आठवल्याशिवाय राहवत नाहीत. ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’ भारतात घरोघरी खेळला गेला. त्यात टोपीवाला नायक दगडी कुऱ्हाड फेकत धावतो, फळे खाल्ली नाहीत तर त्याची शक्ती आपोआप घटत जाते आणि वरून पक्षी येतात. ते पक्षी मला कधी शत्रू वाटलेच नाहीत. ते आपल्या कामाला निघालेले असत आणि मध्ये आपण येत असू. ‘सुपर मारिओ ६४’ मध्ये वाळवंटाच्या टप्प्यात क्लेप्टो नावाचे एक गिधाड आहे. ते मारिओची टोपी पळवते आणि टोपी नसताना मारिओला मार जास्त लागतो. तो पक्षी खरा घारीच्या जातीचा म्हणावा लागेल, कारण तांबटताई म्हणतात त्याप्रमाणे त्याला वस्तूत रस आहे.

‘डाँकी काँग कंट्री’ या १९९४ च्या खेळातल्या नेकी गिधाडांबद्दल तर मला ममत्व आहे. ती फळे फेकून मारतात खरी, परंतु त्यांच्या डोक्यावर उडी मारली की तेथून उसळी घेऊन दरी ओलांडता येते. निन्जा गायडेनचा पक्षी दरी रुंद करतो, नेकी दरी अरुंद करते. एवढा एकच बदल, पण खेळाडूचे पक्ष्याशी असलेले नातेच त्यामुळे बदलून जाते.

आळशी बॉस

सातारी सुपारी यांनी नकळत माझीच बाजू मांडली आहे. नेकीसारखा पक्षी खेळाडूला काहीतरी देऊ करतो. निन्जा गायडेनचा पक्षी नुसते घेतो.

भिंतीवरचा शिपाई

तो देत नाही हे खरे आहे, परंतु खेळ देतो, आणि आपण ते घेत नाही. पक्ष्यांसाठी दोन वस्तू राखून ठेवाव्यात. एक म्हणजे परत येणारा मोठा पवनचक्की शुरिकेन, म्हणजे फेकायची धारदार चकती. तो फेकल्यावर फिरून निन्जाकडे येतो. तो परतताना आपण उडी मारून चुकवला तर हाती न येता पुन्हा फेऱ्या घालत राहतो, आणि तेवढा वेळ वाटेत येणाऱ्या पक्ष्यांचा आपोआप निकाल लागतो. दुसरी वस्तू म्हणजे अंगाभोवती फिरणाऱ्या ज्वाळा. त्या मिळाल्या की थोडा वेळ पक्षी स्वतःहून येऊन जळतात. लोक पहिल्यांदा दिसलेला दिवा फोडतात, त्यातून जे पडेल ते उचलतात आणि हातातला शुरिकेन घालवून बसतात. उडी मारून तलवार फिरवण्याची विद्या बॉससाठी उत्तम आहे, परंतु ती हाती असताना सवयीने हवेत तलवार चालवली की जमवलेले गुण भराभर खर्च होतात आणि ऐन गरजेला शिल्लक काही राहत नाही.

आणखी एक. या पहिल्या भागात भिंतीला चिकटलेला निन्जा तलवार चालवू शकत नाही. त्यामुळे पक्षी दिसताच घाबरून भिंत धरणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. १९९० च्या दुसऱ्या भागात भिंतीवर सरळ चढता येते आणि आपल्या मागून आपली नक्कल करणाऱ्या दोन सावल्या मिळतात. त्या सावल्या योग्य जागी लटकवून ठेवल्या, की कोणताही उडता शत्रू बिचारा वाटू लागतो. मला व्यक्तिशः म्हणूनच दुसरा भाग अधिक आवडतो.

शेजारचा जॉयस्टिक

तिसऱ्या भागाच्या अमेरिकी आवृत्तीचा उल्लेख करतो. १९९१ च्या त्या खेळात जपानी आवृत्तीत हवे तितके वेळा पुढे खेळता येत असे आणि संकेतशब्दही होते. अमेरिकेत त्याला पाचच संधींची मर्यादा घातली आणि शत्रूंचा मारही वाढवला. पहिल्या भागात निदान संधी अमर्याद आहेत. पक्षी निर्दय असला तरी दुकान बंद होत नाही. मला तरी आळशी बॉस यांच्या अन्यायाच्या आरोपावर हेच उत्तर पुरेसे वाटते.

आळशी बॉस

दुकान बंद होत नाही, पण शेवटच्या बॉसकडून हरलात तर ६-१ ला परत पाठवतात, म्हणजे पुन्हा त्याच पक्ष्यांच्या तोंडी. याला संधी म्हणत नाहीत, जन्ममरणाचा फेरा म्हणतात. तरीही मी हा खेळ तीनदा पूर्ण केला आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

फ्रेमगणिती

तीनदा! मग आपण इतका वेळ भांडत कशासाठी होतो?

आळशी बॉस

ज्या घरात राहतो त्याच घराच्या चौकटीवर टीका करण्याचा हक्क असतो.

हाम्बुर्गकर

उशिरा लिहितो आहे, परंतु मूळ प्रश्न मागे पडला आहे असे वाटते. मी गेली बारा वर्षे जर्मनीत आहे. येथे जुन्या बाजारात मला हाच खेळ ‘शॅडो वॉरियर्स’ या नावाने मिळाला. युरोपात तो १९९१ मध्ये त्या नावाने आला होता. मूळ यंत्र आणि जुना काचेचा टीव्ही जमवून खेळलो, तेव्हा माझी अवस्था धागाकर्त्यांच्या नेमकी उलट झाली. अमेरिकेत वाढलेला एक सहकारी शेजारी बसला होता. तो पहिल्याच मिनिटाला म्हणाला, की तुमचा निन्जा पाण्यात चालल्यासारखा का चालतो? मला तर तो अगदी लहानपणी सोलापूरला चालायचा तसाच चालत होता.

धागाकर्त्यांनी संगीत घाईत वाटल्याचे लिहिले आहे, म्हणून हे आठवले. कोणी जाणकार सांगू शकेल काय?

फ्रेमगणिती

हाम्बुर्गकर यांनी कोडे सोडवले आहे आणि धागाकर्त्यांनी संगीताचा उल्लेख केलेला असताना ते माझ्या लक्षात आले नाही, याची मला लाज वाटते.

जपान आणि अमेरिका येथील टीव्ही सेकंदाला ६० चित्रे दाखवत. भारतात आणि युरोपच्या बहुतेक भागांत टीव्हीची पाल नावाची पद्धत असल्यामुळे ५० चित्रे. त्या काळचे खेळ घड्याळाकडे पाहत नसत, चित्रे मोजत. प्रत्येक चित्रामागे निन्जाने किती ठिपके सरकायचे, पक्ष्याने किती सरकायचे, संगीताचा पुढचा सूर कधी लावायचा, हे सर्व चित्रांच्या हिशेबाने ठरलेले असे. आपल्याकडे घरोघरी जी यंत्रे होती ती फॅमिकॉमच्या नकला होत्या आणि आपल्या टीव्हीवर चालावीत म्हणून ५० चित्रांची होती. त्यांत कॅसेट मात्र जपानी, म्हणजे ६० च्या हिशेबाने लिहिलेली. परिणाम असा, की संपूर्ण खेळ पाच-षष्ठांश वेगाने चालत असे.

आकड्यांत सांगायचे तर समजा, पक्ष्याला पडद्याच्या कडेपासून निन्जापर्यंत यायला ३० चित्रे लागतात. जपानी मुलाला तलवार उपसायला अर्धा सेकंद मिळे, कराडच्या मुलाला ०.६ सेकंद. एक दशांश सेकंद हा आकडा क्षुल्लक दिसतो, परंतु पक्षी दिसल्यावर बटण दाबेपर्यंत माणसाचा पाव सेकंद तसाही जातो. उरलेल्या पाव सेकंदात दशांशाची भर पडली, तर निर्णयाला मिळणारा वेळ दीडपटीच्या आसपास जातो.

संगीताचे कोडेही येथेच सुटते. या नकली यंत्रांतल्या मुख्य चिपची गती मूळ जपानी यंत्राच्या फार जवळ ठेवलेली होती, त्यामुळे सूर जवळजवळ तेवढ्याच उंचीवर लागत. लय मात्र चित्रांवर अवलंबून असल्यामुळे संथ होई. म्हणून संगणकावर तीच चाल घाईत वाटते, पण वरच्या पट्टीत गेल्यासारखी वाटत नाही. कडेलोट यांचा कान पक्का आहे.

उपाय सोपा आहे. बहुतेक इम्युलेटरमध्ये प्रदेश निवडण्याची सोय असते. तेथे पाल निवडू नये. ‘डेंडी’ नावाचा पर्याय असल्यास तो निवडावा. डेंडी ही रशियात खपलेली अशीच नक्कल होती आणि तिचे अंतरंग आपल्याकडच्या यंत्रांच्या जातीचेच होते. शिवाय खेळ मोठ्या सपाट टीव्हीवर लावत असाल, तर टीव्हीच्या मांडणीत ‘गेम मोड’ चालू करावा, कारण हे टीव्ही चित्र सुधारण्याच्या नादात ते उशिरा दाखवतात. काचेच्या टीव्हीत तो उशीर जवळपास नव्हता.

तांबट

म्हणजे जपानमधला कोतवाल आपल्याकडे येईपर्यंत सुस्तावला. स्थलांतराचा थकवा असावा.

उपरोधिक उपमा

मी माझी टीका मागे घेतो. जिन्याचे मोजमाप मात्र करून घेणार आहे.

सातारी सुपारी

याचा अर्थ आमच्या पिढीने मिरवलेले सर्व पराक्रम पाच-षष्ठांशच धरायचे काय? ‘काँट्रा’ तीस जिवांचा संकेत न वापरता पूर्ण केल्याचे मी लग्नाच्या वेळी सांगितले होते.

भिंतीवरचा शिपाई

पाच-षष्ठांश धरले तरी लग्न टिकायला पुरेसे असावे.

कडेलोट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी रात्री डेंडीचा पर्याय लावला. पहिला अंक सुरू होऊन संगीत वाजू लागले आणि मी हातातले बटणच दाबायचे विसरलो. तीच लय. मामांच्या घरातला तो टेबलफॅन, त्याच्यासमोर धरलेला तापलेला अ‍ॅडॉप्टर, ‘यंत्राला जरा विश्रांती द्या’ असे मामींचे दर अर्ध्या तासाने बजावणे, सर्व काही त्या लयीतच होते. पुढचा पाऊण तास फार सुखाचा गेला. तिसऱ्या अंकापर्यंत एकदाही दरीत पडलो नाही.

आता प्रामाणिकपणे ६-२ चा अहवाल देतो. पहिला पक्षी मारला. दुसरा आला, त्यालाही मारले. तेवढ्यात पुढच्या ओट्यावरचा सैनिक दिसला म्हणून एक पाऊल मागे घेतले. पक्षी पुन्हा आला. पन्नास चित्रांनी आला, पूर्वीच्या वेगाने आला, मला तो व्यवस्थित दिसला, आणि मी दरीत गेलो. अशा रीतीने अकरा वेळा.

रविवारी सकाळी दादाला फोन करून हा सर्व शोध सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘अरे, सहाव्या अंकात तू खेळतच नव्हतास. पक्षी आला की तू जॉयस्टिक माझ्या हातात द्यायचास, आणि दरी ओलांडली की परत मागायचास.’

उपरोधिक उपमा

म्हणजे भिंतीवरच्या शिपायांनी सांगितलेल्या दोन वस्तूंखेरीज तिसरी वस्तू होती, ती म्हणजे दादा.

फ्रेमगणिती

गणितात ही शक्यता मी धरली नव्हती. तरीही कडेलोट यांच्या अहवालातले ‘एक पाऊल मागे घेतले’ हे वाक्य कृपया पुन्हा वाचावे. पक्षी मारल्यावर समोर सैनिक दिसला तरी मागे हटू नये. जागच्या जागी वाकावे किंवा पुढे उडी मारून हवेतच वार करावा. दादांना त्या काळी हे नियम माहीत असण्याचे कारण नाही, परंतु ते थांबत नसावेत असा माझा अंदाज आहे. विचारून पाहावे.

कडेलोट

विचारले. दादा म्हणाला, की त्याला थांबायची सोयच नव्हती, कारण मी शेजारी बसून जॉयस्टिक परत मागत असे.

तो पुढच्या शनिवारी मुक्कामाला येतो आहे. येताना जुने यंत्र माळ्यावर सापडले तर घेऊन येतो म्हणाला. कॅसेट मात्र त्याच्याकडे नाही. पिवळी, चित्र सोललेली कॅसेट कोणाकडे असल्यास कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा.

आळशी बॉस

माझ्याकडे आहे. करडी आहे, पण चित्र सोललेले आहे. तीनदा पूर्ण करूनही विकलेली नाही. शनिवारपर्यंत पोहोचवतो, फक्त ६-२ ला जॉयस्टिक कोणाच्या हातात होती ते इथे खरे खरे लिहावे.